परीक्षकाच्या खिशातला नियम

भुयारी रेल्वे स्थानकातली एक वाट. पांढऱ्या फरशांच्या भिंती, जमिनीवर पिवळी पट्टी, एका बाजूला जाहिरातींची रांग, दुसऱ्या बाजूला बंद दारं. समोरून हातात बॅग घेतलेला एक गृहस्थ येतो आणि आपल्याकडे न बघता निघून जातो. वाट वळते, तर वळणापलीकडे पुन्हा हीच वाट आणि समोरून येणारा हाच गृहस्थ. ‘द एक्झिट ८’ हा कोटाके क्रिएट या जपानी निर्मात्याचा व्हिडिओ गेम नोव्हेंबर २०२३ मध्ये आला. जेमतेम तासाभराचा खेळ. त्यात बंदूक नाही, तलवार नाही, मारायला शत्रू नाही. भिंतीवरचा फलक एवढंच सांगतो की, काही वावगं दिसलं तर मागे फिरा, दिसलं नाही तर पुढे चला. निर्णय बरोबर ठरला की आकडा एकाने वाढतो, चुकला की शून्यावर येतो. आठापर्यंत पोचलं की सुटका. या एवढ्याशा मसाल्यावर गेंकी कावामुरा यांनी पुढे चित्रपट काढला आणि २०२५ मध्ये तो कानच्या महोत्सवात दाखवला गेला. भुताखेतांवर पोसलेल्या प्रेक्षकाला एका रिकाम्या बोळाची भीती का वाटावी?

याच जातकुळीतला, पण दिसायला अगदी विदूषकी, असा दुसरा खेळ आहे. मायका मॅकगोनिगल या अमेरिकी तरुणाने केलेला ‘बाल्डीज बेसिक्स’ ३१ मार्च २०१८ रोजी आला. १९९०च्या दशकात संगणकाबरोबर मुलांसाठी गणिताच्या सीडी मिळत, त्यांची ही नक्कल. चित्रं मुद्दाम ओबडधोबड, आवाज चिरका. शाळेत विखुरलेल्या सात वह्या गोळा करायच्या आणि प्रत्येक वहीतली तीन गणितं सोडवायची. पहिली वही सरळ असते, बाल्डी गुरुजी शाबासकी देतात. दुसऱ्या वहीपासून मात्र तिसऱ्या गणितातले आकडे एकमेकांत गुंतून विस्कटलेले असतात. त्याला बरोबर उत्तरच नाही. तरी उत्तर चुकलं म्हणून गुरुजी चिडतात आणि हातावर पट्टी आपटत मागे लागतात. जितक्या चुका जास्त, तितका पट्टीचा ठोका जलद. सगळी उत्तरं जाणूनबुजून चुकवली, तर खेळाचा एक निराळाच शेवट उघडतो. तो तर आणखी विचित्र.

माझं म्हणणं असं की या दोन्ही खेळांतली भीती राक्षसाची नाही, परीक्षेची आहे. तीही कुठल्याही परीक्षेची नव्हे. परीक्षा अवघड असली की धास्ती वाटते, घाम फुटतो, पण त्यापलीकडे काही होत नाही. भयाण होते ती अशी परीक्षा, जिच्यात बरोबर काय हे ठरवणारा नियम परीक्षकाच्या खिशात असतो आणि परीक्षार्थीला उठून जाता येत नाही. जपानच्या किंवा अमेरिकेच्या संगणकांवर हा प्रकार नव्याने जन्मला असं वाटत असेल, तर कृष्णाकाठचा इतिहास उघडून बघावा. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत भीतीचे दोन्ही नमुने सापडतात. राक्षसाची भीती सांगलीच्या रंगमंचावर, आणि परीक्षेची साताऱ्याच्या न्यायदानात.

आधी राक्षस. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केलं आणि मराठी रंगभूमीचा आरंभ झाला, असं मानलं जातं. सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी कर्नाटकातल्या मंडळींचे खेळ पाहिले होते आणि तसं काही आपल्याकडे व्हावं अशी त्यांची इच्छा होती. त्या धाटणीच्या नाटकांत राक्षसांच्या प्रवेशाला फार महत्त्व. रंगवलेले चेहरे, मशालीवर राळ टाकून उडवलेला जाळ, नंग्या तलवारी आणि ‘अललऽडुर्र’ अशी आरोळी. पुढच्या सुशिक्षितांनी ‘अललडुर्रची नाटकं’ म्हणून त्यांची टर उडवली, पण राक्षस येताच लहान मुलं घाबरत यात शंका नाही. ही भीती मात्र सोपी. आरोळी थांबली, जाळ विझला की ती उतरते. राक्षस समोर आहे, तो वाईट आहे, आपण प्रेक्षकांत आहोत, सगळं स्पष्ट. आजच्या खेळांत अचानक पडद्यावर येणारा विद्रूप चेहरा हा याच राक्षसाचा वंशज. माणूस दचकतो, मग हसतो. गंमत अशी की याच नाटकाच्या गाभ्यात एक परीक्षाही आहे, आणि तिची कुणाला भीती वाटत नाही. शिवधनुष्याला प्रत्यंचा चढवायची, हा पण भर सभेत जाहीर होतो. धनुष्य सगळ्यांना दिसतं, ज्याला जमेल त्याने पुढे यावं, नाही जमलं तर आपल्या जागी जाऊन बसावं. रावणाचीसुद्धा तिथे फजितीच होते. त्याच सीतेला पुढे अग्नीतून जावं लागतं. ती शुद्ध ठरते, आणि तरीही लोकापवाद उठायचा तो उठतोच. उत्तीर्ण होऊनही जी संपत नाही ती परीक्षा, आणि तिच्यापुढे धनुष्याचा पण अगदी निरुपद्रवी वाटतो.

आता साताऱ्याकडची परीक्षा, म्हणजे दिव्य: देवाच्या साक्षीने खरंखोटं ठरवायची कसोटी. आपल्या धर्मशास्त्रात खटल्याच्या निकालासाठी लेख, भोगवटा आणि साक्षीदार ही माणसांची प्रमाणं आहेत. ती नसतील तेव्हाच दिव्य करावं, असा याज्ञवल्क्यस्मृतीचा दंडक. तिने पाच दिव्यं सांगितली: तुला, अग्नी, पाणी, विष आणि कोश. अग्निदिव्याची पद्धत वाचताना तिची शिस्त बघून आधी आश्चर्य वाटतं. हातांवर साळी चोळून जुन्या व्रणांच्या खुणा टिपून घ्यायच्या. तळव्यांवर पिंपळाची सात पानं सुताने बांधायची. त्यांवर पन्नास पलांचा, लाल होईपर्यंत तापवलेला लोखंडाचा गोळा ठेवायचा आणि आखलेली सात मंडलं सावकाश चालून जायची. गोळा टाकल्यावर पुन्हा साळी चोळायच्या. हात भाजलेला नसेल तर माणूस शुद्ध. आधीच्या जखमांची नोंद, ठरलेलं वजन, मोजलेलं अंतर: जणू प्रयोगशाळेचं टिपण. पण शेवटी एक छोटीशी तरतूद येते. गोळा मध्येच पडला, किंवा भाजलं की नाही याविषयी शंका आली, तर पुन्हा न्यावा. ही शंका कुणाला यायची? अर्थात बघणाऱ्याला. इतक्या काटेकोर मापांच्या शेवटी सगळा खटला एका परक्या माणसाच्या नजरेवर येऊन थांबतो.

कोशदिव्यात तर आगही नाही, विषही नाही. देवाला स्नान घातलेल्या पाण्याच्या तीन ओंजळी प्यायच्या आणि घरी जायचं. चौदा दिवसांत राजाकडून किंवा दैवाकडून घोर आपत्ती आली नाही, तर तो खरा. मला सगळ्या दिव्यांत हे सर्वांत भेसूर वाटतं. त्या चौदा दिवसांत घरात काय चालत असेल याची कल्पना करावी. मुलाला कणकण आली, ती आपत्ती? गाय आटली? गंजीला आग लागली, ती विझवली, तर ती घोर की साधी? रोजचंच घर, रोजचीच माणसं, आणि त्यांत काही वावगं दिसतंय का म्हणून लागलेली टक. जपानी खेळातल्या भुयारी वाटेत खेळाडू जे करतो तेच हे, फक्त इथे वतन पणाला लागलेलं आणि शेजारीही टक लावून बसलेले.

मराठेशाहीत ही दिव्यं पोथीतच राहिली नव्हती. सातारा, कऱ्हाड, वाई हा वतनांचा मुलूख, म्हणून वतनाच्या भांडणांचाही. पाटीलकी कुणाची, कुलकर्ण कुणाचं, शीव कुठून जाते. गोतसभा बसे, महजर होई, निवाडपत्र लिहिलं जाई. कागद नाहीत, साक्षी फिरल्या, असं झालं की कुणी बेलभंडार उचलून शपथ घेई, कुणाला कृष्णेच्या पाण्यात उभं करून क्रिया, म्हणजे शपथ, घ्यायला लावत, आणि गोष्ट हातघाईला आली की रवादिव्य. उकळत्या तेलातुपात टाकलेला धातूचा तुकडा, म्हणजे रवा, हाताने बाहेर काढायचा. मग हात पिशवीत घालून वर मोहोर करायची आणि तिसऱ्या दिवशी पिशवी उघडून निवाडा करायचा. खरा झाला किंवा खोटा झाला. व्ही. टी. गुणे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरच्या ग्रंथात आणि त्याआधी सुरेंद्रनाथ सेन यांच्या लेखनात या पद्धतीची माहिती मिळते. इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. मराठेशाहीचा न्याय म्हणजे नुसती तेलाची कढई नव्हे. कृष्णा-वेण्णेच्या संगमावरच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे आजही न्यायनिष्ठेचं नाव म्हणून घेतले जातात ते १७७३ मधल्या नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या चौकशीमुळे, कुणाचा हात भाजला म्हणून नाही.

दिव्याच्या बाजूने एक तगडा युक्तिवाद आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. पीटर लीसन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये युरोपातल्या दिव्यांबद्दल असं मांडलं की, लोकांची देवावर श्रद्धा असेल तर गुन्हेगार दिव्याला तयारच होणार नाही, कबुली देईल किंवा तडजोड करेल. निर्दोष माणूस मात्र बेधडक हात घालेल. म्हणजे कढई पेटण्याआधीच खरंखोटं कळलं! मग पुजाऱ्याने तापमान जरा सांभाळून घेतलं की झालं. तेव्हाच्या हंगेरीतल्या वाराद इथली १२०८ ते १२३५ या काळातली ३०८ प्रकरणांची नोंदवही तो पुढे करतो. ज्यांत दिव्याचा निकाल लागला, त्यांत दर पाचांत सुमारे तीन जण निर्दोष ठरले. तापलेल्या लोखंडाकडून इतकी दया अपेक्षित नव्हती, तेव्हा कुणीतरी दया करत होतं हे उघड आहे. कुणी म्हणेल, मग आपल्याकडेही असंच असेल; परीक्षा चमत्कारिक, पण कामाची. असेलही. पण या बचावातच आरोप दडलेला आहे. हा युक्तिवाद खरा मानला तर दिव्य सत्य मोजत नाही, श्रद्धा मोजतं. जमीन खरोखर ज्याची, पण देव हात राखेल यावर ज्याचा भरवसा नाही, तो काठावरूनच परत फिरणार आणि खोटा ठरणार. शिवाय ही यंत्रणा चालते ती तिचं खरं स्वरूप लपलेलं असेल तोवरच. पुजारी विस्तव बघतो हे गावाला कळलं की संपलं. जे मोजतो असं सांगितलं जातं ते वेगळं, प्रत्यक्षात मोजलं जातं ते वेगळं, आणि मधली फट ज्याला ठाऊक तो एकटा परीक्षक. बाल्डीच्या विस्कटलेल्या गणितात हेच आहे. तिथेही गणित विचारलं जातं, पण तपासलं जातं ते घाबरल्यावर तुम्ही कसे पळता हे.

कुणी विचारेल, ‘एक्झिट ८’मध्ये तर नियम भिंतीवरच लिहिलाय, मग लपलं कुठे? आक्षेप रास्त आहे. पण फलकावर आहे ती कृतीची सूचना. वावगं म्हणजे काय, हे त्यावर नाही. छतावरचा एक दिवा तिरका आहे, तो मघाशीही तसाच होता का? जाहिरातीतले डोळे हलले? दाराची मूठ मधोमध होती? त्या गृहस्थाची चाल जरा वेगळी वाटली का? एकदा चूक झाली की खेळाडू वाटेवर नाही, स्वतःच्या डोळ्यांवर संशय घ्यायला लागतो. भुताच्या गोष्टीत धोका बाहेर असतो. इथे आपलं लक्ष हेच आरोपी, आणि साक्षीदारही तेच. कोनामीच्या ‘सायलेंट हिल: शॅटर्ड मेमरीज’ या २००९ मधल्या खेळाने तर हे उघडच केलं. एक मानसोपचारतज्ज्ञ समोर बसून प्रश्न विचारतो, आणि त्या उत्तरांवरून, शिवाय खेळाडू कुठे रेंगाळतो यावरून, पुढची माणसं आणि राक्षसांची रूपं बदलतात. हा खेळ तुमची मानसिक तपासणी करत आहे, असा इशारा सुरुवातीलाच मिळतो. पण कुठल्या उत्तराचे किती गुण हे कळत नाही. इशारा देणं आणि नियम सांगणं यांत एवढं अंतर आहे.

आणखी एक आक्षेप येतो, तो सर्वांत सोपा आणि म्हणून सर्वांत चिवट: अहो, खेळच तर आहे! मोबाइल बंद केला की संपलं. हे मला मान्य आहे, आणि उकळतं तेल व काचेचा पडदा एका तागडीत घालण्याचा माझा इरादा नाही. खेळातून उठून जाता येतं, हीच त्याची सभ्यता. पण ‘खेळच तर आहे’ हे वाक्य कोण बोलतंय ते बघावं लागतं. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या १९६७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या नाटकात वेळ घालवायला म्हणून अभिरूप न्यायालयाचा खेळ मांडला जातो. एका नवख्याला सराव व्हावा, एवढंच निमित्त. आरोपी म्हणून लीला बेणारेला उभं करतात, आणि बघता बघता आरोप तिच्या खऱ्या आयुष्यातले होतात. न्यायाधीश, वकील, साक्षीदार सगळे खेळातले; शिक्षा तेवढी खरी. शेवटी मंडळी तिला मनाला लावून घेऊ नकोस म्हणतात, कारण त्यांच्या दृष्टीने तो खेळच होता. दार बाहेरून बंद होतं हे विसरून चालणार नाही. येल विद्यापीठात १९६१ मध्ये स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी सुरू केलेल्या प्रयोगातही असाच डाव होता. स्मरणशक्तीची चाचणी चालू आहे असं सांगून माणसांना बसवलं. चाचणी प्रत्यक्षात होती ती विजेचे झटके देणाऱ्या ‘शिक्षका’च्या आज्ञाधारकपणाची. मूळ प्रयोगात ४० पैकी २६ जण शेवटच्या, ४५० व्होल्टच्या, बटणापर्यंत गेले. झटके खोटे होते. बटण दाबणाऱ्या हातांना ते ठाऊक नव्हतं.

इंग्रजी अमलाबरोबर न्यायालयांतून दिव्य गेलं, जातपंचायतींमधून गेलं नाही. कंजारभाट समाजात नव्या नवरीच्या कौमार्याची पंचांपुढे परीक्षा घेण्याच्या रूढीविरुद्ध त्याच समाजातल्या तरुण-तरुणींनी २०१८ मध्ये आवाज उठवला. ही परीक्षा वर सांगितलेल्या दोन्ही कसोट्यांवर भयाण ठरते: निकाल पंचांच्या तोंडी आणि मुलीला उठून जायला जागा नाही. राज्याने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये कायदा केला. बहिष्कार हाच त्या बंद दाराचा अडसर असल्यामुळे, परीक्षेपेक्षा आधी अडसरावर हात घालणं शहाणपणाचं होतं, असं मला वाटतं.

मग परीक्षा वाईटच का? तसं म्हणणं म्हणजे कढईबरोबर फूटपट्टीही फेकून देणं होईल. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले, कबड्डीच्या मैदानावर नावाजले आणि १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. परीक्षा हे त्यांच्या चळवळीचं एक मुख्य हत्यार होतं. चमत्कार सिद्ध करणाऱ्याला समितीचं लाखो रुपयांचं आव्हान होतं, पण अट एकच: काय झालं म्हणजे सिद्ध झालं, हे दोन्ही बाजूंनी आधी ठरवायचं. कोल्हापुरात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, प्रकाश घाटपांडे आणि दाभोलकर यांनी मिळून फलज्योतिषाची जी चाचणी घेतली ती याच पद्धतीची. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळांवरून दोनशे कुंडल्या मांडल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस पाठवल्या आणि एवढंच विचारलं की कुठली कुंडली हुशार मुलाची, कुठली नाही.

या चाचणीत आणि रवादिव्यात फरक विज्ञानाच्या नावाचा नाही, रचनेचा आहे. ज्योतिषांना कसोटी आधी माहीत होती. कुठली कुंडली कुणाची हे कळू नये म्हणून कुंडल्यांना सांकेतिक क्रमांक दिले होते. घेणाऱ्याच्या नजरेवर, त्याच्या शंकेवर काही सोडलेलं नव्हतं. उत्तरं जुळली असती तर नारळीकरांना मान खाली घालावी लागली असती. म्हणजे परीक्षक स्वतःही परीक्षेला बसलेला होता. फलज्योतिषाचे काही समर्थक म्हणतात की बुद्धिमत्ता हा कुंडलीचा प्रांतच नव्हे, प्रश्न चुकीचा निवडला. हा आक्षेप उत्तरं पाठवण्याआधी घेता आला असता, आणि तसा तो घेण्याची मुभा होती, इतकं त्यावर पुरेसं आहे. २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये निकाल छापून आला. २७ ज्योतिषांची उत्तरं सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली. एका संस्थेने सगळ्या दोनशे कुंडल्या घेतल्या होत्या, तिची १०२ बरोबर आली. नाणेफेकीने निर्णय घेतले असते तरी आकडे याच आसपास आले असते. कुंडल्या मागवून घेतलेल्या ज्योतिषांची संख्या ५१ होती. उरलेल्या २४ जणांनी उत्तरं पाठवलीच नाहीत, आणि न पाठवण्याला कसलाही दंड ठेवलेला नव्हता.